शनिवारी घाणा बंद

कुळगीच्या रानात एखादा माणूस वाट चुकला, असं धरू. दांडेलीहून अंबिकानगरकडे जाताना वनखात्याचा निसर्ग शिबिराचा तळ लागतो, तेच हे जोयडा तालुक्यातलं कुळगी. सगळा भाग काळी व्याघ्र प्रकल्पाचा. मोबाइल केव्हाच बंद पडला आहे. मध्ये ताप येऊन गेला, त्यात दोन दिवस गेले की चार, याचा हिशेब राहिलेला नाही. डोक्यावरून धनेश पंख वाजवत जातो, पण धनेशाला वार कुठे ठाऊक असतात! आता हा माणूस शब्बाथ पाळणारा असेल, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत हातातलं काम खाली ठेवणारा असेल, तर त्याने सातवा दिवस मोजायचा तरी कुठून?

रान तेवढं माझं. प्रश्न फार जुना आहे. बाबिलोनच्या तालमूद या ज्यू धर्मग्रंथात तो वाळवंटात चुकलेल्या वाटसरूच्या नावाने येतो. रव हुना नावाचे पंडित म्हणतात, भान आल्यापासून सहा दिवस मोजावेत आणि सातवा पाळावा. दुसरे पंडित, हिय्या बर रव, उलट सांगतात: आधी एक दिवस पाळावा, मग सहा मोजावेत. दोघांनाही आधार उत्पत्तीच्या पुस्तकाचाच. हुनांच्या नजरेसमोर सृष्टी आहे. तिचे सहा दिवस कामाचे आणि मग विसावा. हिय्यांच्या नजरेसमोर आदाम आहे. तो सहाव्या दिवशी जन्मला, म्हणजे त्याने पाहिलेला पहिला पुरता दिवस विसाव्याचाच होता. एकाच पानातून दोन उत्तरं निघतात आणि दोन्ही खोडता येत नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. रवा नावाचे तिसरे पंडित विचारतात, या माणसाने पोटाचं काय करायचं? रोज पोटापुरतं मिळवावं आणि पाळणुकीच्या दिवशी काही करू नये, असं म्हणून पाहिलं. मग त्या दिवशी त्याने मरायचं का? बरं, आदल्या दिवशी दुप्पट मिळवावं. पण आदला दिवसच खरा शब्बाथ असला तर? शेवटी ठरतं असं: रोज फक्त जिवापुरतं मिळवायचं, पाळणुकीच्या दिवशीही तेवढंच. मग त्या दिवसाचं वेगळेपण उरलं कशात? सुरुवातीच्या आणि शेवटच्या प्रार्थनेत. प्रश्न विचारणारा श्रद्धावान आहे आणि उत्तर देणाराही, पण ‘देवावर भरवसा ठेव, होईल सगळं’ असं इथे कोणी म्हणत नाही. सगळे बोटं मोजत बसले आहेत.

हे केवळ बुद्धीचे खेळ नव्हेत. 1941 मध्ये पोलंड-लिथुआनियाकडून सायबेरियामार्गे पळून जपानच्या कोबे शहरात पोचलेल्या ज्यू विद्यार्थ्यांपुढे हाच पेच उभा राहिला. पृथ्वी गोल, दिवस बदलण्याची रेघ माणसाने ओढलेली. मग जपानातला शनिवार हा खरा शनिवार की नव्हे? जेरुसलेमच्या बहुतेक धर्मपंडितांनी स्थानिक शनिवारच धरा म्हटलं. ‘खझोन ईश’ या नावाने ओळखले जाणारे मोठे पंडित म्हणाले की तिथला रविवार हाच सातवा दिवस. काहींनी दोन्ही दिवस पाळून टाकले. स्मार्त एकादशी की भागवत एकादशी, या घोळात वाढलेल्या आपल्याला यात नवल वाटू नये. काशीनाथ उपाध्यायांनी 1790 च्या सुमारास पंढरपुरात ‘धर्मसिंधु’ लिहिला तो अशाच प्रश्नांची उत्तरं देण्यासाठी.

पण वाट चुकून, पोथी हरवून, तरी वार न सोडणारी माणसं मराठी मुलखात खरोखरच होती. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, अशी कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंची मूळकथा. वाहून आलेली प्रेतं नवगावला पुरली, आज तिथे स्मारक आहे. हे घडलं केव्हा, यावर इतिहासकारांचं एकमत नाही, आणि सात-सात हा आकडा कथेला शोभणारा आहे, हेही उघड आहे. पोथ्या समुद्रात गेल्या, असं कथा सांगते. उरलं ते अंगवळणी पडलेलं: मुलाची आठव्या दिवशी सुंता, खवले नसलेला मासा वर्ज्य, देव एक असल्याचं सांगणारा ‘शमा’ हा मंत्र आणि शनिवार.

ही माणसं कोकणात तेल गाळू लागली. किहीमचे किहीमकर झाले, दिव्याचे दिवेकर, रोह्याचे रोहेकर. बोलणं मराठी, पेहराव शेजाऱ्यापाजाऱ्यांचा. वेगळेपण दिसायचं ते आठवड्यातून एकदा, घाणा थांबला की. म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. शेजारी सोमवार तेली होतेच. ते महादेवाच्या वारी घाणा बंद ठेवत. गावाच्या दृष्टीने दोघांत फरक एवढाच, की एकाचा वार हा आणि दुसऱ्याचा तो. कोणी कोणाला शास्त्राधार मागितला नाही. आजही उत्तर कर्नाटकात कितीतरी शेतकरी सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. बेळगावकडच्या गावांतून यात्रेआधी ठरावीक वार पाळतात, त्या दिवशी शेतात औत जात नाही. वार पाळणं ही या मुलखाला कळणारी गोष्ट आहे. एखाद्या ज्यूला युरोपात शनिवारी दुकान बंद ठेवताना जे सोसावं लागलं, ते कोकणात सोसावं लागलं नाही, याचं श्रेय मी थोडं सोमवार तेल्यांनाही देईन.

1738 मध्ये सार्टोरियस नावाच्या पाद्र्याने या लोकांबद्दल लिहून ठेवलं, ते बाहेरच्या जगाला लागलेल्या सुरुवातीच्या सुगाव्यांपैकी एक. त्यांच्यापाशी बायबल नाही, ‘शमा’ तेवढा येतो, असं त्यात आहे. त्याआधी की नंतर, ते वादाचं आहे, पण दाविद राहाबी नावाचा पाहुणा आला आणि त्याने या लोकांची परीक्षा घेतली, ही आठवण समाजात पक्की आहे. त्याने बायकांपुढे मासळी टाकली आणि रांधायला सांगितलं. त्यांनी खवल्यांचे मासे घेतले आणि बिनखवल्यांचे बाजूला सारले. परीक्षा झाली ती स्वयंपाकघरात. मग राहाबीने तिघा तरुणांना धर्मविधी शिकवून काजी केलं. झिराड, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांकडे तो मान पुढे चालत राहिला.

इथपर्यंत पाळणूक आधी होती आणि पुस्तक नव्हतंच. सणांची नावंही त्याच घडणीची: खिरीचा सण, बिरड्याचा सण, दारफाळणीचा सण. मग पुस्तक आलं, आणि ते एका दिशेने आलं नाही. सॅम्युएल इझिकेल दिवेकर म्हणजे समाजी हसाजी, इंग्रजी फौजेतले अंमलदार, टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि 1796 मध्ये त्यांनी मुंबईत मांडवी भागात सिनेगॉग बांधलं. 1826 पासून कोचीनचे ज्यू शिक्षक आले. आणि हिब्रू शिकवायला पुढे सरसावले ते ख्रिस्ती मिशनरी! जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. हेतू अर्थात धर्मांतराचा होता. फळ निघालं ते उलटं. बेने इस्रायल हिब्रू शिकले आणि आपल्याच धर्मात घट्ट झाले. 1846 मध्ये मुंबईत वल्हांडणाच्या रात्रीची पोथी, हग्गादा, हिब्रू आणि मराठीत शिळाप्रेसवर निघाली. 1874 च्या पुण्याच्या आवृत्तीतल्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बाया बेखमीर भाकरी करताना दिसतात.

पुस्तक हाती आलं तसे प्रश्न सुरू झाले, आणि त्यांची जात लक्षात घेण्यासारखी आहे. ग्रंथातून धर्माकडे आलेला माणूस विचारतो, ‘असं लिहिलंय, तर मी काय करू?’ शनिवार तेल्याचा नातू विचारतो, ‘आम्ही असं करतो, ते कुठे लिहिलंय?’ दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देणं पहिल्याहून अवघड असतं. तिथे न सापडलेली ओळ पाहून आजा चुकीचा ठरवायचा, की ओळ आणखी नीट वाचायची, हे ठरवावं लागतं.

घाण्याचंच घेऊ. दहा आज्ञांत ‘काम करू नको’ एवढंच आहे. काम म्हणजे काय, याची यादी तिथे नाही. रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, पाहिलं की निर्गमाच्या पुस्तकात शब्बाथाची आज्ञा आणि देवाच्या मंडपाच्या उभारणीचं वर्णन शेजारी शेजारी येतात. त्यांनी अर्थ लावला, की मंडप उभारायला जी जी कामं लागली, ती ती शब्बाथाला बंद. इसवी सन 200 च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्ना या त्यांच्या संहितेत ही कामं ‘चाळीस उणे एक’ अशी मोजली आहेत. नांगरणं, पेरणं, कापणं, मळणं, दळणं, विणणं, लिहिणं, पेटवणं, विझवणं, ओझं नेणं. यात तेल गाळणं नावाने नाही. पण मळणीत कणसातून दाणा सुटतो, तसा पिळण्यात फळातून रस सुटतो, म्हणून पिळणं हे मळणीचं पोटकाम धरलं. त्यातही मूळ मनाई ऑलिव्ह आणि द्राक्षं यांनाच थेट लागू, बाकीच्यांची मागाहून घातलेली, असं मत तालमूदमध्ये आहे. मग तीळ आणि खोबरं? एखाद्या वकिली डोक्याच्या तेल्याला इथे फट दिसली असती. पण घाण्यात दाणा आधी चिरडतो, मग तेल सुटतं. चिरडणं दळण्यात गेलं की फट बुजली.

मिश्नेत एक सवलत आहे, ती तेल्याने जरूर वाचावी. ऑलिव्हच्या दाबयंत्राचे जड वासे शुक्रवारी दिवसाउजेडी लादून ठेवावेत आणि तेल रात्रभर आपल्या आपण ठिबकू द्यावं, याला दोन्ही प्रतिस्पर्धी पीठांची, शम्माय आणि हिल्लेल यांची, मान्यता आहे. माणूस थांबला, वजन काम करतंय; वजनाला आज्ञा नाही. कोकणातल्या घाण्याला ही सवलत लागू होत नाही. तिथे लाट फिरते ती बैलाच्या जोरावर. डोळ्याला झापड बांधलेला बैल उखळाभोवती घिरट्या घालतो तेव्हा कुठे धार सुटते. आणि बैलाला आज्ञा आहे! निर्गमात ‘तुझी गुरंढोरं’ एवढाच मोघम उल्लेख, पण बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात बैल आणि गाढव यांची नावं घेऊन विसावा सांगितला आहे. कारणही तिथे वेगळं दिलं आहे. निर्गमात कारण सृष्टीची निर्मिती. अनुवादात कारण, तू मिसरात गुलाम होतास. झापडवाल्या बैलाला कुठलं कारण जवळचं वाटेल, हे सांगायला रब्बी नको.

मग घाण्यात परधर्मी भागीदार घेतला तर? शनिवार तेली आणि सोमवार तेली यांनी एक घाणा भागीत चालवला, शनिवारचं उत्पन्न सोमवार तेल्याचं, सोमवारचं शनिवार तेल्याचं? अशी भागी कधी झाल्याची नोंद माझ्या वाचनात नाही, पण शास्त्रात तिला उत्तर तयार आहे. तालमूदमध्ये प्रश्न शेताचा आहे. भागी ठरतानाच वारांची वाटणी बोलून घेतली असेल तर चालतं. आधी न बोलता मागाहून ‘शनिवारचं तू घे’ म्हटलं, तर चालत नाही, कारण मग तो तुझ्या वतीने, तुझ्या दिवशी राबला असा अर्थ होतो. पापपुण्य करार केव्हा झाला यावर ठरतं. कोकणातल्या वाटेकऱ्यांना हे तर्कशास्त्र शिकवावं लागलं नसतं.

दिव्याचा प्रश्न याहून गोड आहे. शब्बाथाला घरात विस्तव पेटवू नये, असं निर्गमाचा पस्तिसावा अध्याय सांगतो. ‘पेटवू नये’ की ‘पेटता असू नये’? आठव्या-नवव्या शतकांत पुढे आलेल्या कराईट पंथाने दुसरा अर्थ घेतला. तोंडी परंपरा त्यांना मान्य नव्हती. लिहिलंय तेवढंच खरं. ते शुक्रवारची रात्र अंधारात काढत, गार जेवत. रब्बींच्या वाटेने जाणाऱ्यांनी सूर्यास्ताआधी दिवा लावणं हेच कर्तव्य करून टाकलं. एका ओळीच्या दोन वाचनांमुळे अर्धी घरं काळोखात आणि अर्धी उजेडात!

आता दिव्यात तेल कुठलं? रब्बी तर्फोन म्हणाले, ऑलिव्हचंच. यावर रब्बी योहानान बेन नूरी उभे राहिले, म्हणाले, मग बाबिलोनवाल्यांनी काय करावं, त्यांच्याकडे तिळाचंच तेल आहे? मेदी लोकांनी काय करावं, त्यांच्याकडे अक्रोडाचं? अलेक्झांड्रियावाल्यांनी काय करावं, त्यांच्याकडे मुळ्याच्या बियांचं? या यादीत कोकण नाही, पण त्याची जागा मोकळी ठेवल्यासारखी वाटते. बेने इस्रायल घरांत शुक्रवारी संध्याकाळी छताला काचेचा कंदील टांगत. खाली पाणी, वर खोबरेल, त्यात वात. द्राक्षमद्य मिळत नव्हतं, तर काळ्या मनुका भिजवून सरबत करत आणि त्यावर शब्बाथाच्या सुरुवातीचा किद्दूश हा आशीर्वाद म्हणत. मनुकांचं चालतं असा निर्णय तालमूदमध्ये आहेच. नवगावच्या किनाऱ्यापासून चालत आलेल्या बाईला तो वाचता येत नव्हता, तरी ती बरोबर होती.

हाच दिवा कुळगीपासून घाटापलीकडे, गोव्यात, माणसाचा जीव घेऊ शकत होता. पोर्तुगीज इन्क्विझिशनच्या 1536 च्या जाहीरनाम्यात छुपे ज्यू ओळखण्याच्या खुणा दिल्या होत्या: शनिवारी काम न करणं, त्या दिवशी धुतलेले चांगले कपडे घालणं, शुक्रवारी दिवे घासून नव्या वाती घालणं आणि ते आपोआप विझेपर्यंत जळू देणं. गोव्यात हे न्यायासन 1560 मध्ये बसलं आणि 1812 पर्यंत टिकलं. वनस्पती आणि औषधांवर 1563 मध्ये गोव्यात ग्रंथ छापणारे वैद्य गार्सिया द ओर्ता 1568 मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारीना हिला ज्यू धर्म पाळल्याबद्दल जिवंत जाळलं, आणि 1580 मध्ये गार्सिया यांची हाडं उकरून जाळली. शेजारच्या कोकणात ज्या बंद शनिवारामुळे तेल्यांना नुसतं एक टोपणनाव मिळालं, तोच शनिवार इथे सरकारी कागदावर गुन्ह्याचा पुरावा होता.

मुंबईने बेने इस्रायलांचा घाणा सोडवला. फौज, रेल्वे, कचेऱ्या, इस्पितळं अशा नोकऱ्या आल्या आणि शनिवार कामाचा झाला. घाणा स्वतःचा होता, कचेरी साहेबाची. शास्त्राचा कीस काढून हे सुटत नाही. पगार सोडायचा की वार, एवढंच उरतं. बहुतेकांनी वार थोडा वाकवला, कंदील मात्र लावत राहिले. डॉ. जेरूशा झिराड यांनी 1925 मध्ये मुंबईत पाळणूक काळाशी जुळवून घेऊ पाहणारी ज्यूईश रिलिजस युनियन काढली. इंग्लंडमधल्या उदारमतवादी ज्यूंचा तो प्रभाव.

मराठी मुलखात शनिवार पाळणारे आणखीही आहेत, आणि ते बरोबर उलट्या टोकाकडून आले. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट हा ख्रिस्ती पंथ 1863 मध्ये अमेरिकेत संघटित झाला. त्यांचं स्पायसर कॉलेज 1942 मध्ये पुण्यात आलं. पुण्याच्या सॅलिसबरी पार्कात त्यांचं छापखान्याचं कामही मोठं चाललं. यांच्याकडे अंगवळणी पडलेला शनिवार नव्हता. पुस्तक उघडलं, सातवा दिवस लिहिलेला दिसला, तर रविवार कशाला, असा त्यांचा सवाल. त्यांच्या शिकवणुकीची घडणच सवाल आणि वचन अशी आहे. मग दुसरे ख्रिस्ती आपली वचनं काढतात. प्रेषितांच्या कृत्यांत शिष्य आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमले. ॲडव्हेंटिस्ट म्हणतात, जमले म्हणजे तो दिवस पवित्र ठरवला असं नव्हे. कलस्सैकरांच्या पत्रात सण, अमावास्या, शब्बाथ यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये असं आहे. ॲडव्हेंटिस्ट म्हणतात, ते वार्षिक सणांतले शब्बाथ, आठवड्याचा नव्हे. इतिहासात त्यांची बाजू बळकट आहे. रविवारची सरकारी सुट्टी रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने 321 मध्ये दिली. तीही शेतकऱ्यांना सोडून, कारण पेरणी वाराकरता थांबत नाही. पण सूर्याच्या वाराला सुट्टी सम्राटाने दिली असली, तरी त्या दिवशी जमणं ख्रिस्ती लोकांनी त्याआधीच सुरू केलं होतं, हेही तितकंच खरं.

आणि अक्षराला चिकटणाऱ्यालाही भूगोल सोडत नाही. सामोआ बेटांनी व्यापाराच्या सोयीसाठी 2011 च्या डिसेंबरात तारखेच्या रेषेची बाजू बदलली. 30 डिसेंबर हा शुक्रवार पंचांगातून गायबच झाला. सातची मोजदाद अखंड ठेवायची तर सातवा दिवस आता सरकारी रविवारी पडू लागला. तेव्हापासून तिथले अनेक ॲडव्हेंटिस्ट रविवारी उपासना करतात, शब्बाथ म्हणून. काहींना ते पटलं नाही आणि ते शनिवारीच जमत राहिले.

राहिला प्रश्न, उत्तर देण्याचा अधिकार कोणाचा. 1948 नंतर बेने इस्रायल हजारोंनी इस्रायलला गेले. तिथल्या मुख्य धर्मपीठाने 1962 मध्ये सूचना काढल्या: बेने इस्रायल वधू-वराचं लग्न इतर ज्यूंशी लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. शंका शनिवारबद्दल नव्हती. शतकानुशतकं घटस्फोट आणि विधवेचं दिराशी लग्न यांचे नियम त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून कुळात खोट असेल, असा तर्क होता. ज्या समाजाने पोथीशिवाय वार राखला, त्याला पोथीतल्या न वाचलेल्या कलमासाठी जाब विचारला गेला. पंडितांच्या मनात दुष्टावा होता असं मला वाटत नाही. त्यांना फक्त एकच दिशा माहीत होती, लिहिलेल्याकडून केलेल्याकडे जाणारी. कोकणातून आलेल्या लोकांनी 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं धरलं, बायकापोरांसकट. 17 ऑगस्टला इस्रायलच्या संसदेने ठराव केला, की बेने इस्रायल सर्व बाबतीत ज्यूच आहेत आणि इतरांच्या बरोबरीचे आहेत. त्यानंतर धर्मपीठाने सूचना दुरुस्त केल्या. त्यातलं ‘बेने इस्रायल’ हे नाव काढून टाकलं आणि ज्या कोणाच्या कुळाबद्दल शंका असेल त्याची चौकशी करावी, असा मजकूर घातला. चौकशीचा नियम तसाच राहिला.